रानी मासोळीची नथ

डोंगेघाट, ९ मार्च

दिव्याताई,

पाकीट फाडून फेकू नको. अक्षर पाहूनच तुले समजलं असन का हे कोनाचं आहे. पन थांब. माह्या फोनवरून तुले फोन लागत नाई. मायच्या फोनवरून केला तर माहा आवाज आयकल्याबरोबर तू कापला. व्हॉट्सॲपवर तुहा फोटोच गायब. म्हून पोस्टात आलो. पोस्टमास्तरनं 'आयर्लंड' वाचलं अन् मले वरून खालपरेंत पाह्यलं. म्हने, "चैतू, हे नवीन काय लफडं?" म्हटलं, "बहीन आहे तिथी, नर्स." म्हने, "तुही बहीन आहे हे खरं आहे ना पन?" पाय, गावात माही एवढी इज्जत आहे.

त्या फोनबद्दल एकदाच लिहितो. दिल्लीच्या साहेबाचा आवाज काढून "आपका वीज़ा रद्द हो गया है, सामान बांधिए" म्हटलं, ते मी दोन मिनिटानं "अवं मी चैतू" म्हननार होतो. तू पयलेच रडाले लागली अन् फोन ठेवून देल्ला. मंग तू ब्याग भरून तुह्या मोठ्या मॅडमपुढं जाऊन उभी राह्यली, हे मले मायनं सांगतलं. मायनं झाडूनं मारलं, तेही सांगून ठेवतो, तुले बरं वाटन. पन आवाज जमला होता भारी. बस, पुढं नाई लिहित.

खबर हे का मले काम लागलं. तू गेल्या गेल्या व्हिडिओ पाठोला होता ना, तुह्या त्या मासेमारायच्या गावातला? एक बुढी लाल छत्री उभी धरून पुढं चालून राह्यली अन् मागून वीस-पंचवीस लोकं. दर घरापाशी थांबते. इथी जुन्या टायमाले डोंगे लागे, इथी बायका कंदील घेऊन वाट पाहे, या खडकावर जलपरी बसे. तू म्हनली होती, पायी फिरवाचे पैसे घेते ते बाई, अन् लोकं खुशीनं देते. तो व्हिडिओ मी मयुरी मॅडमले दाखोला. मयुरी मॅडम नागपूरची आहे, जंगलाच्या रस्त्यानं नवीन रिसॉर्ट झालं तिथची मॅनेजर. तिच्या पाहुन्यायले सकाळी वाघ नाई दिसला का दिवसभर त्यायचं तोंड लटकलेलं राह्यते. व्हिडिओ पाहून म्हने, "आपणही करू. ढिवरांचं जुनं गाव, पायी फेरी. तू बोलतोस चांगलं."

तर आता दर ऐतवारी मी छत्री धरतो. लाल नाई भेटली, मायची फुलाफुलाची आहे. किल्ल्याचा पडका दरवाजा, मंग आपला ढिवरपुरा, वाळत टाकलेले जाळे, घाटावरचे उलटे डोंगे, अन् शेवटी बुरुजाखालचा डोह. लटारू बुढा पाहुन्यायले पाहून म्हनते, "चैत्या, हे लोकं आपल्या घरात काय पाहून राह्यले बे? यायच्या घरी भिंती नाई का?"

नदीची रेती होऊन राह्यली. पावसापरेंत पानी आता फकस्त डोहात. बाबा सपरीत बसून जाळ्याचे भोकं सांधून राह्यले. वैशाखाच्या पुनवेच्या दुसऱ्या दिवशी डोहात पयलं जाळं पडन, हे का तुले सांगाले पाह्यजे? त्याच्यावरच पुऱ्या ढिवरपुऱ्याचा उन्हाळा निघते.

उत्तर लिही. शिव्या लिहिल्या तरी चालते.

चैतू


डोंगेघाट, ३० मार्च

ताई,

तुह्यं उत्तर नाई. पत्र पोचलं नसन. का पोचलं असन?

फेरी जोरात आहे. आता शनवारी पन. मयुरी मॅडमनं मले टोपी देल्ली, त्याच्यावर वाघाचं चित्र आहे. मी म्हटलं मासोळीचं पाह्यजे, तर म्हने वाघाच्याच छापून आल्या.

एक गंमत झाली. आपल्या डोहात म्हने एक जुनी मरळ आहे अन् तिच्या नाकात सोन्याची नथ आहे. गोंड रानी किल्ल्यातून पळताना तिनं आपली नथ मासोळीच्या नाकात घातली, का वापस आली तर घेईन. लोकं म्हनते असं. पुन्याच्या एका बाईले ते दिसली पन. "ते बघा, चमकलं!" असा कल्ला केला तिनं, अन् व्हिडिओ काढला. व्हिडिओत पानीच पानी आहे, पन बाईचा आवाज असा थरथरते का पाहनाऱ्यालेही नथ दिसाले लागते.

आता गोंडपिपरीवरून लोकं येऊन राह्यले. मुरमुरे फेकते. एकीनं हळदीकुंकू वाह्यलं. किरानावाला प्रवीणभाऊ, जो दोनदा सरपंचकीले पडला, त्यानं डोहापाशी मंडप टाकला अन् 'रानी मासोळी सेवा समिती' असं बॅनर लावलं. बॅनरवर मासोळी लहान अन् प्रवीणभाऊ मोठा.

बाबा माह्यासंग बोलून नाई राह्यले. गर्मीनं असन.

मले रातचं जेवन जात नाई. ते पन गर्मीनंच.

चैतू


डोंगेघाट, २० एप्रिल

ताई,

तुह्यं कार्ड आलं. समोर समुद्र अन् रंगीत घरं, मांगं एकच ओळ: "चैतू, ते नथ तुहीच ना?"

तिथी बसून कसं वळखलं वं तू? तो व्हिडिओ तिकडं पोचला का तुले माही बोलायची ढब मालूम आहे म्हून?

हो. माहीच.

आयक. त्या ऐतवारी पाहुने डोहापाशी आले अन् सारे मोबाईल पाहाले लागले. एक लहान पोरगी "मम्मा, बोअर" म्हनून रडून राह्यली होती. मी सांगून राह्यलो होतो का आमचे आजे इथी रात रात मासोळ्या धरत, अन् कोनी मान वर नाई करे. मंग मले तुह्या बुढीची जलपरी आठोली. तवाच तर सारे थांबले होते ना व्हिडिओत? माह्या तोंडातून निंघून गेलं, "अन् या डोहात एक मासोळी आहे, तिच्या नाकात रानीची नथ." सारे मोबाईल खाली. ताई, एकदम सारे! ते पोरगी रडता रडता चूप झाली. मले वाटलं आपन राजे झालो. मंग मी अजून सांगतलं. आठोते तुले, लहानपनी तू झोपत नव्हती तर मी सांगो? तसंच.

पन आता ते हसाचं नाई राह्यलं. परवा समितीनं डोहाच्या काठी पत्र्याची पाटी ठोकली. 'या डोहात जाळे टाकणे सक्त मना आहे.' मासोळी पवित्र आहे म्हने. प्रवीणभाऊ लटारू बुढ्याले म्हने, "बुढेबाबा, यंदा तुमी लोकं दुसरीकडं पाहा." बुढा म्हने, "दुसरीकडं रेती आहे. रेतीत काय धरू, इंचू?"

मी सभेत उभा राह्यलो. पुरं गाव होतं. म्हटलं, "भाऊहो, नथ-गिथ काई नाई. ते मी बनोलेली गोष्ट आहे." अन् काय झालं मालूम? लोकं हसले. प्रवीणभाऊ म्हने, "हा पोट्टा जलमापासून खोटं बोलते. पोळ्याच्या दिवशी यानंच 'बिबट्या आला' म्हनून पुरं गाव पळोलं. आता ढिवरायचं काम फसलं तं म्हनते नथ नाई. आमाले शेंडी लावते का बे?" एक बाई उठली, म्हने तिनं सोताच्या डोळ्यानं नथ पाह्यली. अजून तिघं उठले. त्यायनंही पाह्यली. एकानं तं खड्याचा रंग सांगतला, लाल.

मयुरी मॅडमकडं गेलो. म्हने, "चैतू, जूनपर्यंत बुकिंग आहे. दंतकथा असते ती, कोणाचं नुकसान आहे त्यात?" मी म्हटलं, "माह्या बापाचं." ते फोनवर बोलाले लागली.

घरी बाबानं एवढंच म्हटलं, "तुह्या मासोळीच्या नाकात सोनं. माह्या जाळ्यात काय?" सपरीत जाळं सांधून पडलं आहे. एकही भोक राह्यलं नाई, तरी ते बसून चाचपते. कोनाच्या डोळ्यात पाहात नाई. ढिवरपुऱ्यातल्या बाया मायले नळावर पानी भरू देते, पन बोलत नाई.

हे पत्र मी तीन जाग्यावर बसून लिहिलं. एका जागी बूडच टिकत नाई. तू सांग काई. तुह्या गावच्या बुढीची जलपरी आजून बसली आहे का खडकावर? तिथच्या लोकायले जाळं टाकू देते का?

चैतू


डोंगेघाट, ६ मे

ताई,

कार्ड नाई आलं, पन मी लिहितो.

खरं सांगून जमलं नाई, म्हून मी माही विद्या वापरली. प्रवीणभाऊच्या दुकानात बायकायची गर्दी होती तवा मी तेल घेता घेता आपल्याच मनाशी बोलल्यासारखं बोललो, "बिचारी रानी मासोळी." एकीनं इचारलं, "काऊन रे, का झालं?" म्हटलं, "काई नाई. मासोळी वाढते ना मावशी. नथ कुठी वाढते?"

बस. एवढंच. तेल घेतलं अन् निंघून आलो.

दोन दिवसात पुऱ्या गावाच्या जीवाले घोर लागला. नथ रुतून राह्यली! मासोळीले श्वास घेता येत नसन! कोनी म्हने डोहातून आवाज येते, कोनी म्हने पानी लाल दिसते. आपली पोट्टी आजारी पडल्यासारखं करून राह्यले लोकं. मंग सवाल हा का नथ ढिली कोन करन? मरळ हातात धरनं म्हनजे साबनाची वडी धरनं. ज्याच्या बापजाद्यानं धरल्या तोच धरन.

काल संध्याकाळी प्रवीणभाऊ सोता आला आपल्या घरी. चप्पल बाहेर काढली. मायनं पानी देल्लं.

"मुखरूभाऊ," तो बाबाले म्हने, "एक डाव जाळं टाका. रानी मासोळी काढा, नथ ढिली करा, सोडून द्या. बाकीचा माल तुमचा. पाटी आमी काढतो."

बाबानं माह्याकडं पाह्यलं. त्यायले बराबर समजलं होतं का हे कुठून निंघालं. मी भिंतीकडं पाह्यलं.

"मी माह्या दिवशी माह्यं जाळं टाकीन," बाबा म्हने. "पुनवेच्या दुसऱ्या दिवशी. नथीचं मी काई बोलत नाई. मी पाह्यली नाई."

"तुमच्या पोरानंच तं दाखोली सगळ्यायले!"

"त्याले इचारा मंग."

प्रवीणभाऊ हसला. त्याले वाटलं बुढा इनय करून राह्यला.

ताई, जाळं पडन! पुरा ढिवरपुरा जाळे झटकून राह्यला. लटारू बुढ्यानं मले बिडी देल्ली, पयल्यांदाच. मी नाचाले पाह्यजे. पन सांग, डोहात जाळं पडलं, मासोळ्या आल्या, अन् नथ नाई आली तं? मी इचार केला का लोकं म्हनतीन निसटली असन. म्हनतीन ना?

चैतू


गोंडपिपरी बसस्टॅन्ड, १४ मे

ताई,

हे पत्र पोचाच्या पयले तुले व्हॉट्सॲपवर खबर भेटली असन का चैतू चोर निंघाला. पुरं वाच, मंग ठरव.

काल जाळं पडलं. काठावर जत्राच. मयुरी मॅडमचे पाहुने टोप्या घालून. समितीचा बेंडबाजा. बाबा, लटारू बुढा अन् आपले सारे पान्यात छातीपरेंत. जाळं वढलं तवा ताई, काय माल होता! कटला, वाम, झिंगे, अन् मधात एक मरळ, माह्या मांडीएवढी. बाबानं तिले गलफड्यात बोट घालून उचललं. पुरी गर्दी उभी राह्यली. बाबानं तिचं तोंड लोकायकडं केलं. काईच नव्हतं. साधी मरळ.

मले वाटलं आता संपलं सारं.

प्रवीणभाऊ म्हने, "नथ कुठी गेली?"

"नव्हतीच," बाबा म्हने.

"नव्हती कशी? इतके दिवस होती. पन्नास लोकायनं पाह्यली. मासोळी पयले कोनाच्या हातात आली? तुमच्या." अन् तो गर्दीकडं वळला, "जाळ्याच्या आतच काढून घेतली यानं!"

ताई, तो एक क्षन. मांगची लोकं पुढं आली. समितीचे दोन पोट्टे पान्यात उतरले. बाबाच्या डोक्याचा दुपट्टा सोडून झटकला. कमरेत हात घातला. बाबा उभेच, हातात मासोळी तशीच. मंग एकानं म्हटलं, "तोंड उघड, बुढ्या." अन् बाबानं तोंड उघडलं.

आपल्या बापानं, ताई. पुऱ्या गावापुढं. बेंडवाले पाहून राह्यले, पाहुने फोटो काढून राह्यले, अन् तो पोट्टा त्यायच्या जिभेखाली बोट घालून राह्यला.

"मी काढली!" मी वरडलो.

पयल्यांदा आयकाले नाई आलं कोनाले. मी बुरुजाच्या दगडावर चढलो. "नथ मी काढली! आठ दिवस झाले. गरी टाकली, मासोळी वर घेतली, नथ काढली अन् इकली!"

मले वाटलं, आता पन हसतीन. "चैत्या खोटं बोलते" म्हनतीन. कोनी नाई हसलं. एकही माय का लाल नाई हसला. सभेत मी गळा फाडून खरं बोललो तं कोनी मानलं नाई, अन् हे एका दमात पटलं साऱ्यायले.

"किती भरली?" प्रवीणभाऊनं इचारलं.

हे मी ठरोलंच नव्हतं. अर्धा तोळा म्हटलं तं लय होते, लोकं सोनाराकडं जातीन. "लय नाई," म्हटलं, "आतून पोकळ होती. चहापान्यात गेली."

मंग मार बसला. डाव्या कानात आजून सीटी वाजते. प्रवीणभाऊनं चौकीवरून जमादार बोलावला. जमादारनं वही काढली, इचारलं, "फिर्यादी कोन? सोन्याचा मालक कोन?" कोनी म्हने रानी, कोनी म्हने मासोळी. जमादार म्हने, "तिचं आधार कार्ड आना, लिहून घेतो," अन् चहा पिऊन चालला गेला. तवा गावानं ठरोलं का पाऊस पडेपरेंत चैतूनं गावात दिसाचं नाई. फेरी बंद. टोपी मयुरी मॅडमनं वापस घेतली.

बाबायनं माह्याकडं पाह्यलंच नाई. ते लटारू बुढ्यासंग मासोळ्याचे वाटे घालत बसले, दर घराले एक, दरसालसारखे. ते पाहून निंघालो मी. माय बसपरेंत आली. तिले खरं मालूम आहे, पन तिनं इचारलं, "चैतू, खरंच नाई ना घेतली रे?"

माय पन, ताई.

घुग्घुसची बस लागली. लिहितो.

चैतू


घुग्घुस, ८ जून

ताई,

इथी बिरजूभाऊच्या पंक्चरच्या दुकानात आहो. कोळशाचे ट्रक रातदिवस चालते. टायर काळे, मी काळा, चहा काळा. धूळ एवढी का मी खोटं बोललो तरी तोंडात कचकच लागते, म्हून कमी बोलतो.

बिरजूभाऊ मानूस चांगला आहे. पन पयल्या हप्त्यात गोंडपिपरीचा एक डायवर आला अन् मले पाहून म्हने, "अबे, हा तं नथचोर!" त्या दिवसापासून बिरजूभाऊ पाने मोजून पेटीत ठेवते अन् पेटीले कुलूप लावते. दर डाव मले एक पाना पाह्यजे तं मी म्हनाचं "भाऊ, पाना," अन् त्यानं उठून कुलूप उघडाचं. टायर तिथी पडून राह्यते. त्यालेही तरास, मलेही. मी सांगतलं नाई काई. काय सांगू? खरं सांगतलं तं काय होते ते मी पाह्यलं आहे.

गावची खबर बरी आहे. नथ गेली तं रानी पन गेली लोकायच्या मनातून. मंडप निंघाला. पाटी कोनीतरी उपटून नेली, मले वाटते लटारू बुढ्यानं, त्याच्या कोंबड्याच्या खुराड्यावर तसाच पत्रा दिसते म्हने माय. डोहात आता रोज सकाळी जाळं पडते. मुरमुरे खाऊन मासोळ्या मस्त झाल्या आहे, हे समितीचं एक काम चांगलं झालं.

काल बाबा आले.

सांगतलं नव्हतं, फोन नाई, काई नाई. दुपारी ट्रकच्या धुळीतून एक मानूस चालत आला, डोक्याले दुपट्टा, हातात डबा. मी टायरात हात घालून बसलो होतो. मले वाटलं कोनी दुसरा असन. बाबा घुग्घुसले कायले येतीन? ते गोंडपिपरीच्या पुढं कधी गेले का?

डबा माह्यापुढं ठेवला. मरळीचं कालवन होतं. बसाले मी टायर देल्ला. ते बसले. मी जेवलो, ते ट्रक मोजल्यासारखे पाहत राह्यले. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी..." तं हात वर केला. म्हने, "काटे आहे. बोलू नको."

मंग बिरजूभाऊ आला. ओळख-पाळख झाली. बिरजूभाऊनं जरासं बाजूले नेऊन, पन मले आयकू येईन एवढ्या आवाजात इचारलं, "भाऊ, राग नका मानू. मले दुकान पाहाचं आहे. पोरगा कामाचा आहे तुमचा. पन ते नथीचं... चोर आहे का हा?"

ताई, बाबा उभे राह्यले. दुपट्टा नीट केला. तुले मालूम आहे ते किती कमी बोलते.

"चोर?" म्हने. "नाई जी. खोटारडा आहे. पक्का. अख्ख्या गोंडपिपरी तालुक्यात असा खोटारडा भेटनार नाई तुमाले."

असं म्हने अन् असे छाती काढून म्हने, जसा मी दहावी पास झालो.

बिरजूभाऊले काईच समजलं नाई. तो कधी माह्याकडं पाहे, कधी बाबाकडं. बाबानं डबा उचलला, धुतला, पिशवीत टाकला अन् चारच्या बसनं निंघून गेले. मी रस्त्यापरेंत गेलो. त्यायनं मांगं पाह्यलं नाई, पन बसमधी चढता चढता कंडक्टरले म्हनले, "गोंडपिपरी. एक पाऊस पडू द्या, मंग वापसीचे दोन तिकीट लागन."

मी आलो तं पेटी उघडी होती. बिरजूभाऊ म्हने, "पाना घे ना बे, का पाहून राह्यला?"

ढग दिसून राह्यले इथी. तिकडं तं रोजच पडते म्हने. फोनचं तू तुह्या मनानं कर. मी आवाज नाई बदलनार, साधा बोलीन.

तुहा भाऊ,
चैतू